वाटणीत आलेला तवा

"कोणं चोपडलं तेल? खरं सांगा, कोणं हात लावला तव्याले?"

गंगावहिनी ओरडत होत्या. हातात उलथणं, पदर कमरेला खोचलेला, आणि समोर अंगणातल्या तीन दगडांवर आमचा तवा. तव्यावर पुरणाची पहिली पोळी होती. होती म्हणजे तिचं वरचं कातडं उलथण्याला लटकत होतं, खालचं लोखंडाला धरून बसलं होतं, आणि मधलं पुरण मोकळं होऊन गुळासकट जळत होतं. धूर असा निघाला की सातपुड्यातली माकडं खोकली. ओसरीवर पाहुणे बसले होते, आणि ते साधे पाहुणे नव्हते. त्यांची पोरगी मला द्यायची की नाही हे ठरवायला ते आमचं घर पाहायला आले होते.

"माह्याकडं काऊन पाह्यता, बाई?" परातीपाशी बसलेल्या मथुरावहिनी म्हणाल्या. "मी नाई चोपडलं. म्हणजे, उलीसं लावलं. काल."

"काल? अव, काल तं मी लावलं!"

एवढं बोलून माझ्या दोन्ही वहिन्या एकमेकींकडं पाहत राहिल्या. ओसरीवर पानाचा डबा खटकन बंद झाला. 

आता एवढ्यानं कुणाला काही वाटणार नाही. तेल लावलं, दोघींनी लावलं, त्यात बिघडलं कुठं? ज्यांनी लोखंडाचा तवा पाळला नाही त्यांना असंच वाटतं. हो, पाळला. तवा पाळावा लागतो. बैलाला जसं वेळेवर वैरण-पाणी, तसं त्याला वेळेवर जाळ आणि तेल. आणि बैल जसा जास्त खाऊन फुगतो, तसाच तवाही फुगतो. फरक एवढाच, की फुगलेला बैल दिसतो.

दर वर्षी कार्तिक सरत आला, पहाटे तोंडातून वाफ निघायला लागली आणि ज्वारीची कणसं खळ्यावर येऊन पडली, की मी तो तवा बाहेर काढतो. स्वयंपाकघरात गॅस आहे. त्यावर वीतभर तवा आहे, त्यावर वीतभर पोळ्या होतात, आणि त्या वाईट होतात असं म्हणायची माझी छाती नाही. पण हा तवा त्या गॅसवर ठेवला तर खाली गॅस आहे हे शेजाऱ्याला शपथेवर सांगावं लागेल. त्याची जागा अंगणात, निंबाखाली, तीन दगडांवर. चार जणींनी चार बाजूंनी बसून भाकरी टाकाव्यात आणि कुणाचा कोपर कुणाला लागू नये, असा त्याचा पसारा. वर सपाट, कडेला जेमतेम बोटभर उचललेला. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो थेंब मोत्यासारखा गोल होऊन या टोकाकडून त्या टोकाकडं पळत सुटतो. लहानपणी आम्ही असा एक थेंब सकाळी सोडला होता, तो संध्याकाळी पलीकडं पोचला. लोक म्हणतात मी फेकतो. म्हणू द्या. त्यांनी तो तवा पाहिलेला नाही.

वडिलांनी तो नांदुऱ्याच्या बाजारातून आणला, जुन्या लोखंडाच्या ढिगातून. ते सांगायचे, ही आगगाडीच्या इंजिनातली चकती आहे, हिच्यावर उभा राहून ड्रायव्हर कलकत्त्यापर्यंत गेलेला आहे. भंगारवाला काय म्हणाला होता, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. तवा गाडीत ठेवला तेव्हा गाडी मागं बसली आणि बैल जुवासकट वर उचलले गेले. पूर्णेच्या पात्रात चाक रुतलं. तिथं डावा बैल उजव्याला म्हणाला, याच्यापेक्षा कपाशीनं भरलेले बोंद्रे बरे. वडिलांच्या गोष्टीत मी फक्त बैलांचं बोलणं वाढवलेलं आहे, बाकी सगळं त्यांचं.

आईनं त्या चकतीचा तवा केला. आधी विटेच्या तुकड्यानं ती घासली, मग राखेनं, मग आंबट ताकानं. तांबडं पाणी नालीतून वाहत मारुतीच्या पारापर्यंत गेलं. मग तिनं तवा नुसता तापवला, कोरडा. तापता तापता लोखंडावर रंग फिरतो, पिवळसर, जांभळा, शेवटी मोराच्या मानेसारखा निळा. तो निळा आला की तिनं जवसाचं तेल घेतलं. आमच्याकडं जवस पिकतो, तेली घाण्यावर त्याचं तेल काढून द्यायचा. ते तापल्यावर नुकताच रंग दिलेल्या दारासारखा वास येतो. जुन्या लुगड्याच्या चिंधीचा बोळा काडीला बांधून ती तेल फिरवायची आणि लगेच दुसरी कोरडी चिंधी घेऊन सगळं पुसून काढायची. सगळं. कडेकडेनं, मधे, पुन्हा कडेनं. बघणाऱ्याला वाटावं, हिला तेल लावल्याचा पस्तावा झाला.

"पुसायचंच होतं तं लावलं काऊन?" असं वडिलांनी विचारलेलं मला आठवतं.

"चिंधीले कळलं नाई पाह्यजे एवढंच राहू द्यायचं," आई म्हणाली. "दिसते ते तेल पोळीले धरते."

मग धूर निघू द्यायचा, धूर थांबला की पुन्हा बोळा, पुन्हा कोरडी चिंधी. दिवसभर ती हेच करत बसली. दुसऱ्या दिवशीही. करडा तवा तपकिरी झाला, तपकिरी काळा झाला, आणि वर्षावर्षानं त्या काळ्याला अशी खोली आली की त्यात पाहिलं तर विहिरीत पाहिल्यासारखं वाटायचं. त्याला कधी पाण्यात भिजवायचं नाही. तापलेला असताना पाणी ओतायचं नाही, चर्र आवाज घरात चांगला नाही म्हणून आणि लोखंड वाकतं म्हणूनही. आईला दोन्ही कारणं पाठ होती, समोरचा माणूस पाहून ती त्यातलं एक सांगायची. काम झालं की गरम असतानाच उलथण्यानं खरवडायचं, कोरड्यानं पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं, तेही पुसायचं आणि निखाऱ्यांवर निवू द्यायचं. पावसाळ्यात तवा पालथा, खाली राख, वर गोणपाट. एवढी सेवा आम्हा तिघा भावांची झाली असती तर आम्ही तिघंही मामलेदार झालो असतो.

आई गेली त्या वर्षी वाटण्या झाल्या. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती; आमच्याकडची माणसं मात्र अजून वऱ्हाडातच राहत होती. थोरले दादा आणि गंगावहिनी, मधले नानाभाऊ आणि मथुरावहिनी, आणि तिसरा मी, बापू, लग्नाचा राहिलेला. वावरं दुपारच्या आत वाटली गेली. बैल, गाडी, कणग्या, तांब्याचे हंडे, सगळं असं सहज सरकलं की पंचांना चहासुद्धा पुरा पिता आला नाही. तव्यापाशी मात्र गाडी अडली. तो कुणाचा? थोरलीनं म्हणावं माझा, मी आईंच्या हाताखाली आधी बसले. मधलीनं म्हणावं माझा, मी आईंच्या हाताखाली शेवटी बसले. पंचातले एक म्हातारे शहाणपण करायला गेले, "लोहाराकडून दोन तुकडे करून घ्या ना बाप्पा."

"हात तं लावून पाहा!" असं दोघी एकदम म्हणाल्या. त्यानंतर कित्येक महिने त्यांचं ज्यावर एकमत झालं असं हे शेवटचं वाक्य.

शेवटी तवा माझ्या नावानं झाला, कारण मी घेतला तर तो दोघींपैकी कुणालाच मिळाला नाही असं होत होतं. माझ्या वाटणीला एक खोली, एक वावर आणि एक तवा आला. चूल नाही. दोघी वहिन्यांकडं चुली होत्या, मोठा तवा नाही. असा संसार त्या काळात साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

मग ठरलं, की तवा अंगणात राहील, एक दिवस गंगावहिनींचा, एक दिवस मथुरावहिनींचा, आणि मी ज्या दिवशी ज्यांचा तवा त्यांच्याकडं जेवेन. त्या दोघींचं बोलणं बंद झालं होतं. भांडणसुद्धा नाही, नुसतं बंद. भांडणात निदान माणूस समोरच्याच्या तोंडाकडं बघतो. या एकमेकींपासून दोन हातांवर बसून माझ्यामार्फत बोलायच्या.

"बापू, सांग तुह्या मथुरावयनीले, उलथणं दवात राह्यलं."

"भाऊजी, सांगा बाईले, ते उलथणं त्याइचंच आहे."

मी घास तोंडात ठेवून एकदा इकडं, एकदा तिकडं मान वळवायचो. त्या हिवाळ्यात माझी मान इतकी मोकळी झाली की मी घुबडासारखा मागचंही बघू लागलो.

पण खरं सांगू? माझ्या जिभेला तो हिवाळा अजून सापडतो. नव्या ज्वारीचं पीठ, त्याला किंचित गोडवा. गंगावहिनींची भाकर जाड, अशी टम्म फुगायची की वाफ निघताना शिट्टी ऐकू यावी, आणि पाठीवर त्यांच्या बोटांचे ठसे. मथुरावहिनींची पातळ, कागदासारखी, कडेला करपून कुरकुरीत झालेली. ती तोंडात ठेवली की शेजारच्या आळीत आवाज जायचा. तव्याच्या मधोमध जाळ तेज, तिथं भाकर. कडेला मंद, तिथं शेंगदाणे हळूहळू तांबूस व्हायचे. कधी कडेवर हिरव्या मिरच्या आणि लसूण टाकून लोट्याच्या बुडानं तिथंच रगडायच्या, मीठ घालायचं. त्या ठेच्याच्या ठसक्यानं निंबावरचे पोपट मराठी बोलायचे. मधूनच मिरचीच्या धुराची वळवळ यायची आणि दोघी, एक तव्यापाशी, दुसरी भिंतीपाशी, एकाच वेळी शिंकायच्या. मग दोघींनाही त्याचा राग यायचा.

त्या महिन्यांत तवा भलता चमकू लागला होता. आईच्या वेळचा काळा खोल होता, मुका होता. हा लकाकत होता, त्यात आभाळ दिसायचं. पुरुषाच्या जातीला लकाकणारं ते सगळं चांगलंच वाटतं. मी येईल त्याला दाखवायचो. लोक त्यात बघून पटका बांधून जायचे.

भाकरीनं काही दाखवलं नाही. ज्वारीच्या भाकरीला पीठ लागलेलं असतं, ती बिचारी सगळं निभावून नेते.

मार्गशीर्षात मामांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. नांदुऱ्याच्या अलीकडचं गाव, मुलगी इंदू, आई लहानपणीच गेलेली, आत्यानं वाढवलेली. वडील होते, पण हो-नाही आत्याच्या हातात. मामांनी दोघी वहिन्यांना ओसरीवर बसवून सांगितलं, आणि हे मात्र त्यांनी माझ्यामार्फत नाही, सरळ सांगितलं:

"हे पाहा बायांनो, ती बाई घर पाहायले येऊन राह्यली. भिंती नाई पाहणार ती. तिची पोर तिसरी सून होऊन येणार, दोघीच्या मधात बसणार. तुमी दोघी तोंडं फिरवून बसल्या तं ती उठून जाईन, अन् हा बाप्या जलमभर असाच एक दिवस इकडं अन् एक दिवस तिकडं जेवत राहीन. चालते का?"

"नाई चालत," गंगावहिनी म्हणाल्या.

"नाईच चालत," मथुरावहिनी म्हणाल्या.

माझ्याबद्दल एवढा जिव्हाळा पाहून मला भरून आलं. नंतर कळलं, की दोघींनाही मला जेवू घालायचा कंटाळा आला होता.

तर त्या दिवशी दोघी एका तव्यावर बसल्या. गंगावहिनी भाजायला, मथुरावहिनी लाटायला. नवी लुगडी, केसांना तेल, चेहऱ्यावर हसू असं की जसं भिंतीवर चुन्यानं काढलेलं. पाहुणे आले. मुलीचे वडील ओसरीवर दादांपाशी बसले. आत्या म्हणजे उंच, हाडापेरानं मोठी, कमी बोलणारी बाई. ती खांबाला टेकून अशी बसली की ओसरीवरूनही तिला चूल दिसावी. आणि पहिली पोळी पडली.

पुरणपोळी भाकरीसारखी सोशिक नाही. गूळ तापला की तो खालचं सगळं उघडं करतो.

"काल तं मी लावलं!" या वाक्यावर पोळपाटावरचं लाटणं थांबलं. मग मथुरावहिनींनी हळूच विचारलं, "परवाही लावलं असन तुमी?"

"परवा तुहा दिवस होता. तू वेचणीले गेल्ती. मले वाटलं, हिनं तवा तसाच ठेवला असन, गंज चढन."

"अन् मले वाटलं तुमी लावतच नाई! म्हून मी तुमच्या दिवशी, तुमी नदीवर गेल्या का..."

"रोज?"

"तुमी?"

"रोज!"

तिथून जे सुरू झालं ते पूर्णेचा पूर. कुणी कुणाच्या माघारी काय केलं, कुणाला कुणाचा भरवसा नाही, उलथणं, दव, गोणपाट, सगळं बाहेर आलं. तेल रोज दोनदा लागत होतं, थंड लोखंडावर, घाईघाईनं, चोरून. आणि चोरून लावलेलं तेल पुसत कोण बसतं? त्याचा डिंक झाला होता. जो चकाकत होता तो डिंक. नानाभाऊ ओसरीवर पाहुण्यांना कपाशीबद्दल सांगू लागले, इतक्या मोठ्यानं की वावरातल्या कपाशीनं मान वर केली. दादा खोकत होते. मी खांबामागं उभा राहून माझं लग्न अंगणातून बाहेर जाताना बघत होतो. ते जाताना मागं वळूनही बघत नव्हतं.

दुसरी पोळी खाली तूप ओतून टाकून पाहिली. ती पहिलीच्या शेजारी जाऊन बसली.

मग गंगावहिनींनी उलथणं खाली ठेवलं. आवाज एकदम उतरला.

"जाळा लागन याले आता. सगळं उतरवा लागन."

मथुरावहिनींनी तव्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आईचा हात आहे त्याच्यावर."

तेव्हा मला कळलं, की दोघी कशासाठी चोरून तेल लावत होत्या. मला वाटत होतं तवा आपल्या ताब्यात राहावा म्हणून, दुसरीचं नाक कापावं म्हणून. तेही असेल, माणूस एका कारणानं काही करत नाही. पण आईनं दिवस दिवस बसून चढवलेला तो काळा, तो माझ्या पाळीत गेला असं कुणी म्हणू नये, ही भीती दोघींच्या हातात होती. आईची लुगडी वाटली गेली होती, चांदीचे गोठ वाटले गेले होते. आई म्हणावी असं दोघींत न वाटलं गेलेलं एवढं एकच अंगणात उरलं होतं, आणि दोघी त्याला जपता जपता डिंकाखाली पुरत होत्या.

"आहे," गंगावहिनी म्हणाल्या. "अन् त्याच्यावर आता आपल्या दोघीचा आहे. कोणता कोणाचा, काय सांगतं?"



"आई असती तं तिनं कवाच जाळला असता," मथुरावहिनी म्हणाल्या, उठल्या आणि गोठ्यामागून पऱ्हाट्यांचा भारा घेऊन आल्या.

कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, पेटल्या की थांबत नाहीत. दोघींनी दोन बाजूंनी फडक्यात धरून तवा पालथा केला आणि खाली जाळ घातला. ज्वाळा निंबाच्या शेंड्यापर्यंत गेल्या. शेजारची दोन गावं हंडे भरून निघाली होती, ती वाटेतून परत गेली असं ऐकतो. डिंक आधी उकळला, मग पेटला, मग पापुद्रे होऊन निखाऱ्यांवर गळू लागला. त्याच्यामागून आईचा काळा गेला. तो गळला नाही, फिकट होत होत राखेचा झाला आणि वाऱ्यानं उडाला. गंगावहिनी पदराच्या टोकानं डोळे पुसत होत्या. धुरानं म्हणाल्या. मथुरावहिनी म्हणाल्या, "हाव, धूरच आहे."

तवा निवला तेव्हा खाली करडं, उघडं लोखंड. त्यावर हातोड्याचे बारीक ठोके होते, कडेला एक खाच होती. मी जन्मभर त्या तव्यावर जेवलो आणि ती खाच मी कधी पाहिलेली नव्हती. वडिलांनी गाडीतून उतरवला त्या दिवशी तो असाच दिसला असणार. आपल्या घरातलं काहीतरी आपल्या जन्माआधीचं असं अचानक समोर येतं, तेव्हा माणूस जरा अदबीनं उभा राहतो. मी राहिलो. आत्याही ओसरीवरून उतरून आली होती. लाकडाचा एक ओंडका ओढून चुलीपासून हातभर अंतरावर बसली. 

मग जवसाचं तेल. गंगावहिनींनी बोळा फिरवायचा, मथुरावहिनींनी कोरड्या चिंधीनं मागून पुसत जायचं.

"तिकडं राह्यलं."

"पुसते."

"कोरडी घे, ती भिजली."

"दिसते मले, बाई."

माझ्यामार्फत काही नाही. मी तिथं उभा असून माझी मान जागच्या जागी होती. धूर निघायचा, थांबायचा, पुन्हा बोळा. एक लावत होती, दुसरी काढत होती, आणि दोघींचे हात इतके एका चालीत की आई एकटी बसायची तेव्हाही तिचे उजवा-डावा हात याहून सारखे नसतील. तवा तपकिरी व्हायला लागला. ऊन भिंतीवर चढलं. पाहुण्यांचं जेवण मात्र चढत नव्हतं. मुलीच्या वडिलांनी तेच पान तिसऱ्यांदा चघळलं असावं.

"पुरण नाई चालत आज याच्यावर," गंगावहिनी शेवटी म्हणाल्या. "कच्चा आहे अजून. भाकर चालन."

घर पाहायला आलेल्या सोयऱ्यांना भाकर! मामांनी कपाळावर हात मारला, तो आवाज नांदुऱ्याच्या फलाटावर ऐकू गेला. पण करणार काय? मथुरावहिनींनी ज्वारीचं पीठ मळलं. पहिली भाकर करडी निघाली, लोखंडाच्या वासाची. ती कुत्र्याला घातली, त्यानं हुंगून पाहून आपल्या पिलाकडं ढकलली. दुसरी बरी. तिसरी फुगली. शिट्टी वाजली. पितळ्यांत भाकरी, कडेला रगडलेला ठेचा, आणि पातेल्यातलं पुरण वाटीत, वर तूप. आत्यानं भाकर तळहातावर घेतली, मोडली, वास घेतला आणि खाल्ली. अजून एक घेतली. निघताना दोघी वहिन्यांनी तिची ओटी भरली. गाडी जुंपली गेली. मुलीचे वडील चाकाला हात लावून म्हणाले, "कळवतो."

"कळवतो" हा शब्द आमच्या मुलखात किती लग्नांच्या मानेवर बसलेला आहे, हे ज्याचं त्याला ठाऊक. त्यानंतरचे दिवस मी बाभळीच्या काट्यांवर झोपून काढले. त्या दोघी मात्र रोज एकत्र बसत होत्या. तव्याला एकीनं लावायचं, दुसरीनं पुसायचं. एकटीनं केलं तर पुन्हा तेच होईल, असा दोघींनी न बोलता नेम केला होता. पाळ्या मोडल्या. मला कुठं जेवायचं ते कळेनासं झालं.

मग बाजाराहून आलेल्या एका माणसाबरोबर निरोप आला. पसंत आहे.

इंदू आली. तिसरी चिंधी आली. गंगावहिनी आता नाहीत. मथुरावहिनींच्या गुडघ्यांना खाली बसवत नाही, त्या खुर्ची टाकून बोट दाखवतात. दर कार्तिकात तवा निघतो तेव्हा त्याचा काळा पुन्हा विहिरीसारखा झालेला असतो आणि त्यात कुणाचा थर खाली, कुणाचा वर, हे कुणी सांगू शकत नाही. मी बोट फिरवतो. बोट कोरडं येतं. हातात काही लागत नाही आणि तरी तिथं काहीतरी आहे, ज्याच्यामुळं भाकर सुटते. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. एकत्र राहायचं ते असंच, असं मी लोकांना सांगत आलो: लावावं थोडं, पुसावं पुष्कळ, आणि जाळ द्यावा. मायेचंही तसंच, एकदम ओतली की चिकट होते. जुनं जाळायची वेळ आली तर दोघांनी मिळून जाळावं. लग्नाच्या मांडवांत मी हे इतक्यांदा बोललो आहे की नवरदेव मला पाहताच लवकर घोड्यावर बसतो.

पण हा सगळा विचार मला पहिल्यांदा सुचला तो लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, सासुरवाडीत. आत्या अंगणात वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. म्हणालो, आत्या, त्या दिवशी तुम्ही आमचं भांडण पाहिलं, जळलेली पोळी पाहिली, पाहुण्यांना उपाशी बसवलेलं पाहिलं. तरी पोर दिली. का दिली ते मला कळलं आहे. तुम्ही पाहिलं, की एका परक्या पोरीसाठी दोघींनी आपल्या सासूचा हात जाळला. तुम्ही पाहिलं, की महिनोन्‌महिने न बोललेल्या दोन बाया एका चिंधीनं बोलल्या. तुम्हाला तिथं घर दिसलं. खरं ना?

आत्यांनी हातातल्या मिरचीचा देठ खुडला, मिरची सुपात टाकली आणि दुसरी घेतली.

"भाकर बरी होती," त्या म्हणाल्या.